तुमची पाठ

"डोळा हलवू नका," शालन म्हणाली.

"डोळा नाही हलवत. माशी हाकलतोय."

"बसू दे माशी. तिलापण काढतो."

आमच्या कोल्हापूरकडच्या बायका 'मी जातो, मी करतो' असंच बोलतात. शालन तर समोर मुंबईचं माणूस असलं तरी तसंच बोलायची.

उद्यमनगरात 'मगदूम' अशी पाटी लावलेलं माझं लेथचं वर्कशॉप, त्याला लागून घर, आणि घराच्या मागं पत्र्याचं शेड. ते शेड तिचं. त्या शेडात एका स्टुलावर मला तिनं सकाळपासून बसवून ठेवलं होतं. तिच्या मांडीवर लाकडी फळी, फळीवर जस्ताची प्लेट, प्लेटवर मेणाचा काळा थर. त्या काळ्यावर ती सुईनं ओरखडे काढत होती. माझ्याकडं बघायची, चार ओरखडे काढायची, परत बघायची.

"शालन, लेथवर जॉब लावलाय मी."

"जॉबला पाय आहेत का? पळून जाणार आहे?"

"गिऱ्हाईक जाईल की पळून."

"त्याचा पण चेहरा काढून ठेवतो मग. शोधायला बरं."

शालन एचिंग करायची. ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. सुईनं मेण खरवडलं की खालचं जस्त उघडं पडतं. प्लेट अॅसिडमध्ये ठेवली की अॅसिड तेवढंच जस्त खातं. मग त्या खाचांत शाई भरायची, वरची पुसायची, ओला कागद ठेवायचा आणि प्रेसमधून दाबून काढायचा. खाचांतली शाई कागदावर येते. मला एवढं माहीत असायचं कारण म्हणजे ती प्रेस मी बनवलेली. एका बंद पडलेल्या गुऱ्हाळाच्या चरकाचे रूळ आणले, लेथवर घासून गुळगुळीत केले, बाजूला चाक लावलं. रुळाखाली कागदावर मऊ काहीतरी घालावं लागतं, म्हणून मी मोठ्या हौसेनं नवी घोंगडी कापून दिली. पहिलं चित्र निघालं रंकाळ्याचं. सगळ्या पाण्यावर घोंगडीची वीण उठली होती. शालन आठवडाभर हसत होती. "रंकाळ्याला थंडी वाजत होती वाटतं," म्हणायची. मग तिनं मुंबईहून जाड नमदा मागवला, वीण नसलेला, दाबलेल्या लोकरीचा.

तर त्या दिवशी मी स्टुलावर. मला बसवायला तिला लग्नानंतर चौदा-पंधरा वर्षं लागली होती. मला माझा फोटोसुद्धा आवडत नसे. आमच्या लग्नाचा अल्बम कुणी काढला की मी उठून जायचो.

"या फोटोतला माणूस मी नाहीच," मी म्हणायचो. "थोरल्या भावासारखा दिसतोय."

"मग तुम्ही कसे दिसता?"

"चांगला दिसतो."

"कुणाला?"

"मला. रोज बघतो की."

यावर ती पदर तोंडाला लावून हसायची.

रोज बघतो म्हणजे मागच्या दाराजवळ खिळ्याला अडकवलेल्या आरशात. तिथं उजेड चांगला म्हणून मी दाढी तिथंच करायचो. ती चहा घेऊन यायची आणि माझ्या मागं उभी राहायची. आमची दिवसातली निम्मी बोलणी आणि बरीचशी भांडणं त्या आरशातच व्हायची. मी तिच्याकडं वळायचो नाही, कारण तोंडाला फेस. दाढी झाली की ती मागून हात लांब करून आरशाच्या काचेवर बोट ठेवायची. "इथं राहिलंय."

"माझ्या गालावर ठेव की बोट. काच कशाला घाण करतेस?"

"गालाला साबण आहे. हात भरतो."

शाईनं काळी झालेली तिची बोटं. रोज काचेवर एक ठिपका. रोज मी तो पुसायचो आणि रोज पुटपुटायचो.

असो. स्टुलावर बसल्या बसल्या मला एक गोष्ट खटकली. प्रेसमधून निघालं की चित्र उलटं होतं. डावं उजवीकडं जातं. म्हणून शालन आधी चित्र पारदर्शक कागदावर काढायची, तो कागद पालथा करायची आणि मग प्लेटवर उतरवायची. हे तिला तिच्या कॉलेजातल्या केळुसकर सरांनी शिकवलेलं. सर पोरांना चित्र खिडकीच्या काचेवर पालथं धरायला लावायचे आणि कुणी चुकलं की वर्गाबाहेर काढायचे. शालन कधी बाहेर गेली नाही. आज मात्र ती सरळ माझ्याकडं बघून सरळ प्लेटवर काढत होती.

"तुझा तो पारदर्शक कागद कुठाय?"

"संपला."

कागदाची अख्खी गुंडाळी तिच्या मागं भिंतीला टेकून उभी होती. पण आपल्याला उठायला मिळालं तर बरं, एवढाच माझा विचार.

दोन दिवसांनी तिनं मला प्रेसचं चाक फिरवायला बोलावलं. प्लेटला शाई लावून झाली होती, तळहातानं पुसून झाली होती. मी चाक फिरवलं. तिनं कागदाचं एक टोक धरून तो हळूच उचलला आणि माझ्यासमोर धरला.

"हा मी," मी म्हटलं.

"नक्की?"

"नक्की म्हणजे? मीच की. आजवर कुणाला मी नीट काढता आलो नाही बघ. फोटोवाल्यांना तर नाहीच नाही."

"बघा नीट. मागाहून तक्रार चालणार नाही."

"तक्रार एकच. हे काय?" चित्रात माझ्यामागं सगळीकडं दाट काळोख होता, रेघांवर रेघा. पण उजव्या खांद्याच्या बाजूला वाटीएवढी जागा कोरी, पांढरीफेक. "इथं अॅसिड लागलं नाही वाटतं. राहिलंय."

"राहिलं नाही. ठेवलंय."

"कुणासाठी?"

"आहे एक. जागा बुक झालीय."

आणि ती मलमलीच्या फडक्यानं हात पुसायला लागली. बराच वेळ पुसत होती. शाई तर केव्हाच निघाली होती.

पुढच्याच आठवड्यात मुंबईहून दोघंजण येणार होते. एक केळुसकर सर. आता ते निवृत्त होऊन मुंबईला राहायचे. दुसऱ्या दुभाष बाई. त्यांची मुंबईत गॅलरी होती. शालनची चित्रं तोवर दहा जणांच्या प्रदर्शनात एक, वीस जणांच्या प्रदर्शनात एक अशी लागलेली. तिचं एकटीचं प्रदर्शन कधी झालं नव्हतं. चाळिशी पुढ्यात आली होती. तिच्या बरोबरच्या पोरींपैकी कुणी चित्रकला सोडून दिली, कुणी शाळेत शिकवत होती. ही आपली पत्र्याच्या शेडात, शेजारी माझ्या लेथचा आवाज, वर्षानुवर्षं प्लेटा करत बसलेली. सरांनी दुभाष बाईंना शब्द टाकला होता. बाईंना आवडलं तर एक अख्खा हॉल, दारावर तिच्या एकटीचं नाव.

ती दोन दिवस धड जेवली नाही. मला मात्र सूचना द्यायला तोंड होतं.

"तुम्ही आज बोलायचं नाही."

"मुका आहे म्हणून सांगतेस का?"

"कामात आहेत म्हणून सांगतो. चाक फिरवा म्हटलं की फिरवायचं. बस्स."

"हसलं तर चालेल?"

"दात न दाखवता."

सकाळी ते दोघं आले. सर उंच, वाळलेले, खादीचा झब्बा. दुभाष बाई ठेंगण्या, तोंडात सुपारी, आणि बघण्याची नजर अशी की घरातल्या धुळीचीसुद्धा किंमत करील.

"काय शालन, काम करतेस ना रोज?" सरांनी विचारलं.

"करतो सर."

"'करते' म्हण गं. इतकी वर्षं झाली."

"बरं सर, करतो."

दुभाष बाई खळखळून हसल्या. मला जरा धीर आला.

शालननं भिंतीवरच्या दोऱ्यांना चित्रं चिमट्यांनी लावून ठेवली होती. रंकाळ्यावरच्या म्हशी. गुऱ्हाळाची काहील आणि भोवती वाफेत उभी माणसं. माझ्या लेथखालचा लोखंडी सालपटांचा ढीग. बाई त्या ढिगासमोर थांबल्या.

"हे काय आहे? केस?"

"सालपटं," मी म्हटलं.

शालननं माझ्याकडं बघितलं. मी चाकाला हात लावून उभा राहिलो.

चित्रं बघता बघता सर मधूनच मान हलवत होते. "छान. रेघ सुटली आहे आता. पूर्वी घाबरायचीस." बाई एकेका चित्रापाशी जास्त वेळ थांबत होत्या. मी मनातल्या मनात हॉलच्या दारावर तिचं नाव रंगवायला घेतलं होतं. तेवढ्यात त्या शेवटच्या चित्रापाशी आल्या. ते शालननं एकटंच एका फळीवर टाचून ठेवलं होतं.

"अरे! हे तर तुम्ही!" बाई माझ्याकडं बघून म्हणाल्या.

मी दात न दाखवता हसलो.

"केळुसकर, हे बघा. हे सगळ्यात चांगलं आहे. हेच पत्रिकेवर छापायचं."

सर आले. वाकून बघायला लागले. एकदा चित्राकडं, एकदा माझ्याकडं. परत चित्राकडं. त्यांचा चेहरा उतरत गेला.

"शालन, हे काय?"

"काय सर?"

"हे घड्याळ. हे डाव्या हातात घालतात ना? चित्रात उजव्या हातात आहे. खिसा उजवीकडं. यांच्या डाव्या भुवईत खोक आहे, ती चित्रात उजव्या भुवईत." त्यांचा आवाज चढला. "अगं, पहिल्या वर्षाची पोरं ही चूक करतात. चित्र उलटवायचं विसरलीस?"

शालननं फळीवरची टाचणी अंगठ्यानं नीट दाबली.

"मला कळलंच नव्हतं," दुभाष बाई म्हणाल्या.

"तुम्हाला नाही कळलं. पण प्रदर्शनाला जे येतील ना, त्यातले निम्मे हेच काम करणारे असतील. ते आधी घड्याळ बघतील. म्हणतील, केळुसकरांनी एवढी शिफारस केलेली विद्यार्थिनी, आणि तिला डावं-उजवं कळत नाही." मग ते पुन्हा वाकले. "आणि ही कोरी जागा? इथं रेघा मारायच्या राहिल्या?"

"राहिल्या नाहीत सर. ठेवलीय."

बाईंनी तोंडातली सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात घेतली. "हे बघा शालनताई. हे चित्र मला हवंय. चूक झाली तर झाली. नवीन प्लेट करा, सुलट करा, ती जागा भरून टाका. झालं की कळवा, मी तारीख देते. किती दिवस लागतील?"

"करायची नाही," शालन म्हणाली.

"म्हणजे?"

"नवीन करायची नाही. हे असंच आहे."

"अगं, चूक झाली म्हण आणि विषय संपव," सर म्हणाले.

"चूक नाही सर."

"मग काय आहे?"

ती नुसती उभी. ती अशी उभी राहिली की काय होतं ते मला माहीत होतं. एकदा फ्रीज घ्यायचा का प्रेसचं नवीन चाक, यावरून ती अशी उभी राहिली होती. आमच्याकडं फ्रीज पुढं सहा वर्षांनी आला.

"ठीक आहे," सर म्हणाले, "मग हे एक बाजूला काढ. बाकीची लावू."

"हे नसेल तर बाकीचीपण नकोत."

दुभाष बाईंनी खांद्याची पर्स नीट केली. निघायची तयारी करताना माणसं करतात तशी. इतकी वर्षं वाट बघितलेली गोष्ट दारापर्यंत आलेली, आणि ती माझ्या घड्याळापायी परत चाललेली!

"सर, मी एक बोलू?"

"नाही," शालन म्हणाली.

"बोला की," दुभाष बाई म्हणाल्या.

"चित्र कुणाचं आहे? माझं. मग ते बरोबर आहे का चूक, हे मला विचारा ना. मला माझं तोंड माहीत नाही का?"

मी चाक सोडलं आणि चित्रासमोर जाऊन उभा राहिलो. चित्र माझ्या तोंडाच्या उंचीवरच टाचलेलं होतं. जॉब झाला की आम्ही ड्रॉइंगशी जुळवून बघतो, तसं एक एक जुळवायला घेतलं.

"हे माझं घड्याळ." मी डावा हात वर केला. "आणि हे बघा, चित्रातलं घड्याळ. बरोबर याच्या समोर. हा माझा खिसा. हा चित्रातला खिसा. समोरासमोर. ही भुवई." मी भुवईवर बोट ठेवलं. "ही खोक. जिथल्या तिथं. एक सूतसुद्धा फरक नाही. आता यात उलटं कुठं आहे, तुम्हीच सांगा."

मागं दुभाष बाईंचं हसू फुटलं. "मगदूम, कमाल आहे तुमची."

"अहो, असं नसतं ते," सर वैतागून म्हणाले. "माणूस आपल्यासमोर उभा असला की त्याचा डावा हात आपल्या उजव्या बाजूला येतो. इकडं या, तुम्हाला दाखवतो." आणि मला धरून वळवायला म्हणून ते माझ्या मागं आले. त्यांचा हात माझ्या उजव्या खांद्यावर पडला.

पण त्यांनी मला वळवलं नाही. हात तसाच राहिला. मी वाट बघत उभा.

"सर?"

"थांबा जरा."

बाहेर माझा लेथ मोकळाच फिरत होता, त्याचा आवाज तेवढा येत होता.

"शालन," सर हळू म्हणाले, "ही कोरी जागा..."

"व्हय सर."

एवढंच. मग सरांचा हात निघाला. "दुभाष बाई, इकडं या. माझ्या जागेवर उभ्या राहा. इथं, यांच्या खांद्यामागं. आता बघा."

मी काय चाललंय ते बघायला मान वळवली.

"वळू नका!" तिघंही एकदम ओरडले.

मी परत चित्राकडं तोंड केलं. चित्रातला मी माझ्याकडं बघत होता. त्यालाही काही कळलेलं दिसत नव्हतं. मागं बाईंच्या बांगड्या वाजल्या, आणि त्या अगदी बारीक आवाजात "अगं बाई" म्हणाल्या. सुपारी चघळायची थांबली होती.

"आता वळू?" मी विचारलं.

"वळा," शालन म्हणाली.

तिघंही माझ्याकडं बघत होते. सरांनी चष्मा काढून झब्ब्याला पुसायला घेतला होता. बाईंनी पर्स खुर्चीवर ठेवून दिली होती.

"मला वाटलं, तू शिकवलेलं विसरलीस," सर शालनला म्हणाले.

"शिकवलेलंच वापरलंय सर."

"मी त्या जागेत काही काढ म्हटलं असतं तरी काढलं नसतंस ना?"

"नाही सर."

"फेब्रुवारीत हॉल मोकळा आहे," दुभाष बाई म्हणाल्या. "चालेल?"

"चालतंय की," मीच म्हणून टाकलं. शालनचा काय नेम!

ते गेल्यावर मी तिला गाठलं. ती गॅसपाशी उभी राहून दोन दिवसांची भूक भागवत होती. हातात शिळी भाकरी, त्यावर ठेचा.

"काय बघितलं त्यांनी?"

"तुमची पाठ."

"पाठीत काय आहे बघायसारखं?"

"शर्टाला ग्रीस लागलंय."

"खरं सांग की."

"खरंच सांगतो. तुमची पाठ बघितली आणि प्रदर्शन दिलं. उगीच वाटेल ते बोलू नका आता, घास अडकतो."

फेब्रुवारीत प्रदर्शन झालं. पत्रिकेवर माझा चेहरा. दारावर तिचं नाव. कुणी घड्याळाचं विचारलं की सरच पुढं व्हायचे. त्याला माझ्या चित्रासमोर घेऊन जायचे, कानात काहीतरी सांगायचे, आणि तो माणूस वळून माझ्याकडं बघायचा. मला वाटायचं, माझ्या त्या भाषणाची गोष्ट सांगत असतील. मी मान ताठ करायचो.

पुढं तिची प्रदर्शनं होत गेली. बडोद्याला, दिल्लीला, एकदा परदेशातसुद्धा. शेडाची भिंत पाडून मोठं शेड झालं. तिच्याकडं पोरं-पोरी शिकायला यायची, तीही त्यांना खिडकीच्या काचेवर चित्र पालथं धरायला लावायची. आणि मी येईल त्या पाहुण्याला सांगायचो, "हिचं पहिलं प्रदर्शन माझ्यामुळं झालं. सगळं फिसकटलं होतं. मीच जुळवून दाखवलं."

"व्हय," शालन म्हणायची. "यांच्या पाठीचा मोठा आधार."

कधीतरी दाढी करताना ती मागून आरशात विचारायची, "ते चित्राचं कळलं का तुम्हाला?"

"काय कळायचंय?"

"काही नाही. चहा घ्या. इथं राहिलंय." आणि काचेवर काळं बोट.

शालनला जाऊन दीड वर्ष होत आलं. आजारपण फार लांबलं नाही. शेवटच्या आठवड्यात मी दवाखान्यातल्या नळावर घाईनं दाढी उरकून तिच्याजवळ येऊन बसलो होतो. बोलायचं त्राण नव्हतं तिच्यात. तरी तिनं हात उचलला आणि माझ्या कानाखाली बोट ठेवलं. तिथं साबण राहिला होता. काच नव्हती ना तिथं.

त्यानंतर मी दाढीला न्हाव्याकडं जायला लागलो. घरचा आरसा खिळ्यावर तसाच होता. जाता-येता त्याच्याकडं बघत नव्हतो.

परवाच्या सोमवारी भाच्याच्या मुलीचं लग्न होतं. न्हाव्याचं दुकान सोमवारी बंद. दोन दिवसांची पांढरी खुंटं घेऊन लग्नात उभं राहिलो असतो तर शालननं मला मांडवातून घरी पाठवलं असतं. म्हणून फेस केला आणि मागच्या दाराजवळच्या आरशासमोर उभा राहिलो.

शेडाचं दार उघडं होतं. आरशात माझ्यामागं घरात अंधार. फक्त उजव्या खांद्याच्या बाजूला, ती उभी राहायची तिथं, दारातून आलेला उजेड भिंतीवर पडला होता. वाटीएवढा. पांढराफेक.

एक गाल झाला होता, दुसऱ्याला वस्तरा लागलाच नाही.

मग मी तोंडाला फेस घेऊन बाहेरच्या खोलीत गेलो. तिथं ते चित्र फ्रेम करून लावलेलं आहे. त्याच्यासमोर उभा राहिलो, तेव्हा शेडात उभा होतो तसा. घड्याळ समोरासमोर. खिसा समोरासमोर. भुवई जिथल्या तिथं. एक सूतसुद्धा फरक नाही. आणि खांद्यामागं तिची जागा.

त्या दिवशी सर तिथं जाऊन उभे राहिले होते. मग दुभाष बाई उभ्या राहिल्या. हॉलमध्ये किती अनोळखी माणसं उभी राहिली असतील. तिथून दिसतं ते सगळ्यांना दिसलं होतं. मलाच तेवढं दिसण्यासारखं नव्हतं, कारण मी पुढं उभा होतो. तिनं तर पहिल्याच दिवशी खरं सांगितलं होतं. तुमची पाठ. रोज सकाळी चहा घेऊन आली की तिला आधी माझी पाठ दिसायची, आणि पाठीच्या वर आरशातला मी.

"जागा बुक आहे म्हणालीस," मी म्हटलं, "नाव सांगितलं असतंस तर काय बिघडलं असतं?"

फ्रेमच्या काचेत माझं तोंड दिसत होतं, बरोबर चित्रातल्या तोंडावर. अर्धी दाढी झालेली, अर्धी बाकी. कानाखाली फेसाचा एक पट्टा.

मी हात पुढं केला आणि काचेवर त्या जागी बोट ठेवलं. इथं राहिलंय.

काचेवर साबणाचा ठिपका उमटला. लग्नाला उशीर होत होता. पुसायला फडकं शोधलं, सापडलं, आणि परत ठेवून दिलं.